गड-घोरपड आणि चौदा खळगे

२३ मे १९६०

पुण्याहून पाकीट आले. पत्ता इंग्रजीत, पण त्याच्यावर बाळबोध अक्षरात माझे संपूर्ण नाव. पोस्टमनने ते कौतुकाने तंजावरच्या आमच्या मेलवीथीतल्या चार घरी दाखवले आणि मगच मला दिले. म्हणजे सांबशिवरावांना पुण्याहून पत्रे येतात हे आता चार घरी ठाऊक झाले. मला याचे वाईट वाटले असे मी म्हणणार नाही.

पाकीट 'महाराष्ट्र बालक्रीडा संकलन मंडळा'चे आहे. नवे राज्य होऊन महिना झाला नाही तोच त्यांना आमची आठवण झाली. दूरदेशी राहिलेल्या मराठी बांधवांची मुले कोणते खेळ खेळतात, त्याची माहिती त्यांना हवी आहे. प्रत्येक प्रांतातून जो सर्वांत उत्तम माहिती धाडील त्याला पुढल्या वर्षी पुण्याच्या संमेलनात प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावर बसवणार आणि शालजोडी देणार. प्रांतामागे प्रतिनिधी एकच.

मी सत्तावन्न वर्षांचा आहे, कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालो आहे आणि पुणे पाहिलेले नाही. १९३४ साली मद्रासला एका लग्नात मी मराठीत चार शब्द बोललो, तेव्हा पुण्याच्या एका वकिलाने शेजाऱ्याला विचारले, हे गृहस्थ कोणत्या भाषेत बोलताहेत? शेजारी हसला. त्यानंतर मी व्याकरणाची पुस्तके मागवली आणि ही दैनंदिनी सुरू केली. सव्वीस वर्षे मी येथे शुद्ध मराठी लिहितो आहे. त्या वकिलाला आता मी कोणत्या भाषेत बोलतो ते पुण्याच्या व्यासपीठावरून सांगायचे आहे.

या वहीचा दुसरा फायदा असा की घरात बाळबोध कोणाला वाचता येत नाही. मुलगा दिल्लीहून इंग्रजीत पत्रे लिहितो. माझी पत्नी नागलक्ष्मी तमिळमध्ये वाणसामानाची यादी करते, तेवढीच तिची विद्या. त्यामुळे येथे मनातले लिहायला हरकत नसते. उदाहरणार्थ, मी निवृत्त झाल्यापासून सकाळची कापी, म्हणजे कॉफी, पाणचट झाली आहे.

२४ मे

आज कापी अशी आली की चमचा उभा राहावा. गवळी बदलला असावा.

२९ मे

प्रश्नपत्रिकेत बेचाळीस रकाने आहेत. रकाना सात: हिवाळ्यात शेकोटीभोवती मुले कोणते खेळ खेळतात? तंजावरात हिवाळा म्हणजे ज्या दिवशी पंखा जरा हळू करावा लागतो तो दिवस. रकाना एकोणीस: दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात काय? आमची मुले दिवाळीत पहाटे तेल लावून घेतात आणि फटाक्यांनी बोटे भाजून घेतात. रकाना बेचाळीस: खेळातील भाषेची शुद्धता, उत्तम, मध्यम की भ्रष्ट? हा रकाना मला फार आवडला. कचेरीतून आणलेली लाल पेन्सिल मी टोक करून तयार ठेवली आहे.

माहितीसाठी प्रथम आमच्या समाजाच्या सभेत गेलो. सहा वडीलधारी पत्ते खेळत होते. लहानपणी काय खेळत होतात, असे विचारले. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि पत्ते असे सांगितले.

तेथे रघोजीरावही होते. यांची पापनाशमकडे भातशेती आहे आणि पूर्वज सरदार होते असे हे सांगतात. पुरावा म्हणून घरात एक तलवार आहे, तिने फणस फोडतात. त्यांनाही पुण्याचे पाकीट आले आहे हे आज कळले. त्यांना मराठीत स्वतःचे नाव लिहिता येत नाही, पण फॉर्म ते मुन्शी लावून भरणार. अशा माणसाने पुण्यात तंजावरचे नाव काढायचे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मला झोप येणार नाही.

डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. दप्तराच्या जुन्या पेटीत कायद्याच्या पुस्तकांमागे मी मैसूरपाकाचा एक डबा ठेवतो. आज त्यातले दोन तुकडे घेतले, चिंता फार होती म्हणून.

३० मे

डब्यात मैसूरपाक नाही. उकडलेले हरभरे आहेत. मुंग्यांनी नेला असावा. मुंग्यांनी डबा घासून कसा ठेवला, हे मात्र नवल आहे.

५ जून, एकादशी

एकादशीच्या दुपारी शेजारची जयलक्ष्मी आमच्याकडे येते आणि दोघी उपाशीपोटी पल्लांगुळी घेऊन बसतात. चौदा खळग्यांची लाकडी पाटी, दोन्ही अंगांना सात-सात, त्यात चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. हा खेळ तमिळ देशातल्या प्रत्येक ओसरीवर खेळतात. जयलक्ष्मीची नात अंबा, वय अकरा, ही पाटीशेजारी पालथी पडून दोघींना शिकवत होती.

मी आतल्या खोलीत रकाने भरायला बसलो होतो, त्यामुळे त्यांची बडबड ऐकावी लागली. "बंगळूर भरलें, कोलार रितें, आरणी माझी," असे नागलक्ष्मी म्हणे. मग जयलक्ष्मी म्हणे, "घे तुझी आरणी, पापनाशम माझें." बायकांना पोट रिकामे असले की काहीही सुचते. कुठले बंगळूर आणि कुठले पापनाशम. लहानपणी माझी आईही खेळताना अशीच गावांची नावे घेत बसे, आणि वडील बाहेरून ओरडत, आगगाडी कुठवर आली म्हणून.

मी बाहेर येऊन सांगितले की पुण्याचे लोक एखादे दिवशी पाहणीला येतील, तेव्हा हा परका खेळ माझ्या घरात दिसता उपयोगी नाही. नागलक्ष्मीने विचारले, "लेंकरांचे खेळ लिहून घेतात नां? मग हा लिहा कीं." मी म्हणालो की मराठी खेळ हवेत. ती म्हणाली, "ही पाटी तुमच्या आईची."

आई गेली तेव्हा सर्व वस्तू हिच्याकडे आल्या, त्यात ही पाटी. ते मला ठाऊक आहे. तरी मी ती उचलली आणि दप्तराच्या पेटीत ठेवून कुलूप लावले. संशोधनाला मन घट्ट लागते. नागलक्ष्मी सांडलेले चिंचोके वेचून पदरात बांधू लागली. तिच्या डोक्यात टिपून घेण्यासारखे काही असते तर मीच पहिल्यांदा टिपले असते.

१४ जून

नऊ दिवस बिनमिठाची आंबटी भातावर घेऊन खातो आहे. विचारले तर म्हणते, टिपून घेण्यासारखें मीठ घरांत नाहीं. हिला असे बोलायला कोण शिकवते कोण जाणे.

२ जुलै

रघोजीरावांनी सतरा खेळ लिहून काढले असे सभेत ऐकले. मुन्शी कुंभकोणमचा आहे आणि त्याची कल्पनाशक्ती चांगली आहे.

माझ्याकडे एकही नाही. गल्लीतली मुले सकाळ-संध्याकाळ खेळतात, पण पाच खडे झेलतात ते तमिळमध्ये मोजतात, लंगडी घालतात ती तमिळ गाणे म्हणत. मी पंधरा दिवस लाल पेन्सिल घेऊन त्यांच्यामागे हिंडलो. रकाना बेचाळीसमध्ये 'भ्रष्ट' लिहून लिहून पेन्सिल अर्धी झाली.

आज दुपारी शिवगंगा तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो आणि एकाएकी डोक्यात उजेड पडला. पायऱ्या म्हणजे गड. वर गडकरी उभा राहतो. खालून मुले घोरपडीसारखी हातापायांवर चढतात. गडकरी एकेकाला प्रश्न विचारतो. शुद्ध मराठीत उत्तर दिले तर एक पायरी वर, तमिळ शब्द आला तर सरळ तळाशी. खेळाचे नाव गड-घोरपड.

हा खेळ आमचे पूर्वज खेळत असले पाहिजेत. खेळत नसतील तर ती त्यांची चूक, माझी नव्हे. येथे कोणी वाचणारे नाही म्हणून स्पष्ट लिहितो: खेळ मी आज, २ जुलै रोजी, तीन ते पावणेचारच्या दरम्यान रचला. फॉर्मवर मी 'अंदाजे तीनशे वर्षे' असे लिहिले आहे. अंदाजे या शब्दात पुष्कळ मावते.

११ ऑगस्ट

पुण्याचे उत्तर आले. मंडळ आनंदात आहे. गड-घोरपड हा खेळ महाराष्ट्रात कोठेही उरलेला नाही, केवळ तंजावरात टिकला, असे ते लिहितात. याबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. नवरात्रात त्यांच्या संशोधिका श्रीमती मंगलाबाई ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन येणार. रघोजीरावांचे सतरा खेळ परत आले. त्यातले अकरा क्रिकेटचे प्रकार होते.

आनंद झाला, पण अडचणही आहे. खेळ यंत्रापुढे खेळून दाखवायचा, तर तो कोणालातरी यायला हवा.

दुपारी खोलीची कडी लावून आरशापुढे सराव केला. शाल घेताना मान किती वाकवावी हे आधी ठरवलेले बरे. कोरडा पंचा सापडला नाही म्हणून ओला खांद्यावर घेतला. मान डावीकडे थोडी कलती ठेवली की नम्रता दिसते, पण हनुवटी लपते. सात वेळा केले. कडी लावलेली होती म्हणून बरे, नाहीतर घरच्यांना वाटले असते की मला वारा लागला.

२० ऑगस्ट

अंबा आणि गल्लीतल्या नऊ मुली जमवल्या. मी गडकरी झालो, छत्री हातात घेतली. अंबाला विचारले, "सकाळी काय खाल्लेस?" म्हणाली, इडली. इडलीला शुद्ध मराठी शब्द काय ते मला वेळेवर आठवेना, म्हणून तिला एक पायरी वर घेतले. दुसरीने दोसै सांगितले. तिसरी म्हणाली, "तात्या, रोज शाळेंत परीक्षा, इथेंही परीक्षा?" आणि घरी गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. अंबा तेवढी राहिली. ती म्हणाली, "तात्या, ह्या खेळांत मजा कुठें आहे?"

मी तिला सांगितले की मजा हा प्रश्नपत्रिकेतला रकाना नाही.

३ सप्टेंबर

चमत्कार झाला. मुली गड-घोरपड खेळताहेत, न बोलावता आणि रोज. तळ्याच्या पायऱ्यांवर एवढा कल्लोळ असतो की पाण्याला येणाऱ्या बायका उभ्या राहून बघतात.

नियम त्यांनी थोडे बदलले आहेत. आता वर छत्री घेऊन उभी राहते तिला तात्या म्हणतात. खालच्या मुली तिच्याकडे तमिळ शब्द फेकतात, जितका मोठा शब्द तितके बरे, आणि तात्या चिडून छत्री उगारून खाली धावतो. ज्या मुलीला छत्री लागली ती पुढचा तात्या. तात्या होण्यासाठी मारामारी चालते. माझ्याविषयी मुलांच्या मनात एवढा आदर असेल असे मला वाटले नव्हते.

गाणेही आहे. ते मात्र मी येथे नाखुशीने उतरवतो.

तात्या तात्या, शाल कुठें?
कडी लावून आरसा भेटे.
ओला तुंडू, मान वांकडी,
पुण्याला चालली घोरपड रांगडी.

तुंडू म्हणजे तमिळमध्ये पंचा. कडी मी लावली होती. पंचा ओला होता हे मला आणि पंच्यालाच ठाऊक होते. रघोजीराव झरोक्यातून डोकावले असले पाहिजेत, परंतु झरोका आठ फुटांवर आहे आणि त्यांचे वजन पाहता हे कठीण वाटते. अंबाला विचारले गाणे कोणी रचले, तर म्हणते, "अर्धें आम्ही." उरलेल्या अर्ध्याविषयी ती बोलत नाही.

नागलक्ष्मीला गाणे ऐकवले. ती पदराने तोंड पुसत आत गेली. स्वयंपाकघरात फार वेळ काहीतरी पुसत होती.

२४ सप्टेंबर

मंगलाबाई आल्या. मी स्टेशनवर पगडीवाल्या वृद्ध पंडिताला शोधत होतो आणि एक तीस वर्षांची बाई लोखंडी पेटी ओढत माझ्यापुढे उभी राहिली. पेटी म्हणजे ध्वनिमुद्रण यंत्र. मी बसवलेले स्वागताचे भाषण म्हटले. त्यांनी नीट ऐकले आणि म्हणाल्या, "तुमचं मराठी अगदी पुस्तकासारखं आहे." सव्वीस वर्षांचे सार्थक झाले. मात्र हे म्हणताना त्या दमलेल्या दिसल्या, बहुधा प्रवासामुळे.

घरी ओसरीवर नवरात्राचा कोलू मांडलेला आहे, पायऱ्यांवर बाहुल्या, देव, मातीचा वाणी, मातीची वाणीण. मंगलाबाईंनी बाहुल्या पाहिल्या, उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलची वाटी घेतली आणि हात धुवायला परसात गेल्या. तेथून त्या परत येईनात.

मी जाऊन पाहिले. परसातल्या विहिरीजवळ जमिनीत चौदा खळगे कोरलेले होते, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. मी पाटी कुलपात ठेवली तेव्हापासून या बायका मातीत खेळताहेत. मंगलाबाई जमिनीवर बसल्या होत्या, नवी साडी होती तरी.

"काकू, हे काय?" त्यांनी विचारले.

"उग्गे आपला खेळ, अम्मा," नागलक्ष्मी म्हणाली. "मराठी नव्हे म्हणून यांनीं सांगितलें."

मी ताबडतोब सांगितले की बायकांचा वेळ घालवायचा प्रकार आहे, गड-घोरपड तळ्यावर तयार आहे. मंगलाबाई म्हणाल्या की तळे उद्याही असेल, आणि जयलक्ष्मीला बोलावून घेतले. यंत्र परसात आणवले. मी सावलीत उभा राहिलो.

२५ सप्टेंबर

काल राहिलेले आज लिहितो.

त्या दोघी खेळल्या. मंगलाबाईंनी एकेका खळग्याचे नाव विचारले. वरच्या आळीचे सात: बंगळूर, होसकोटे, कोलार, वेलूर, आरणी, जिंजी, तंजावर. आमचे लोक ज्या वाटेने फौजेबरोबर या मुलखात उतरले ती वाट, मुक्काम दर मुक्काम. खालच्या आळीचे सात म्हणजे येथली गावे, पापनाशम, तिरुवैयारु आणि पुढची. या बायकांपैकी कोणी बंगळूर पाहिलेले नाही. कोणी सांगितले म्हणून विचारले, तर नागलक्ष्मी म्हणाली, सासूबाईंनी, आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी.

मग मंगलाबाईंनी फीत उलटी फिरवून ऐकवली. नागलक्ष्मीचा आवाज यंत्रातून आला: "कोलार रितें, आरणी माझी, जिंजी भरली, तंजावर भरलें, उरला दाणा घराला." खेळ संपला की उरलेला चिंचोका आई माझ्या मुठीत ठेवी आणि हेच म्हणे. मी पाच वर्षांचा असेन. ते मी विसरलो होतो. मी डोळे पुसत तेथून निघून गेलो. परत आल्यावर जयलक्ष्मीला धुराचे कारण सांगितले. चूल विझलेली होती.

आज तळ्यावर गड-घोरपडही झाला. अंबा तात्या झाली होती, माझी छत्री घेऊन, मान अशी कलती ठेवून की हनुवटी दिसू नये. मंगलाबाई हसून हसून पायरीवर बसल्या. गाणे तीनदा मुद्रित केले. मग मला विचारले, "खेळ किती जुना म्हणालात?" मी म्हणालो, अंदाजे तीनशे वर्षे. त्यांनी नागलक्ष्मीकडे पाहिले. नागलक्ष्मी तळ्यातल्या पाण्याकडे पाहत होती.

घरी आल्यावर मी पेटीचे कुलूप काढून पाटी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "मातींतली बरी आहे आतां," आणि पाटी कोलूत बाहुल्यांच्या पायाशी ठेवली. रात्रीच्या आंबटीत मीठ होते.

१८ फेब्रुवारी १९६१

मंडळाचे त्रैमासिक आले. बारा पानांचा लेख, 'तंजावरचे चौदा मुक्काम', सांगणार सौ. नागलक्ष्मीबाई. परसातल्या खळग्यांचे छायाचित्र आहे, त्यात कोपऱ्यात माझी वहाण दिसते.

माझा उल्लेख तळटिपेत आहे. "गड-घोरपड हा खेळ दि. २ जुलै १९६० रोजी दुपारी एका हौशी गृहस्थांनी रचला. त्यांचा मूळ खेळ मुलींनी टाकून दिला. मात्र त्या गृहस्थांवर मुलींनी रचलेला खेळ व गाणे अस्सल असून ती दोन्ही टिकतील असे वाटते."

तारीख बरोबर आहे. दुपारही बरोबर आहे. मी कोणाला सांगितलेले नाही. सभेत रघोजीरावांनी लेख मुन्शीकडून वाचून घेतला आणि मला शालीची घडी कशी घालतात ते विचारले. मी तोंड वर करून घरी आलो, पण रस्त्यात तीन ठिकाणी मुली ते गाणे म्हणत होत्या. त्यांतल्या दोघी तेलुगू घरच्या होत्या.

६ मार्च

हे लिहायला मला लाज वाटते आहे. पण सव्वीस वर्षांत एक दिवस खोटा लिहिला नाही, तो आज लिहून चालणार नाही.

सकाळी पुण्याचे पत्र आले, नाव सौ. नागलक्ष्मीबाई यांचे. मी फोडले. संमेलनात तंजावरच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी व्यासपीठावर बसावे अशी विनंती. घरातले एक माणूस सोबत आणण्यास हरकत नाही. बरोबर भरून पाठवायचा फॉर्म.

नागलक्ष्मी भाजी चिरत होती. म्हणाली, "काय लिहितात? वाचा."

मी वाचले. मी असे वाचले की मंडळ श्री. सांबशिवराव यांस प्रतिनिधी म्हणून बोलावते, आणि त्यांनी पत्नीस सोबत आणण्यास हरकत नाही. वाचताना आवाज कापला नाही.

"असेंच लिहिलें आहे?"

असेच लिहिले आहे, असे मी म्हणालो.

"पुन्हां एकदां वाचा."

पुन्हा वाचले. या वेळी मी 'विद्वान' असा शब्द स्वतःच्या नावाआधी घातला. मला तो घालायला नको होता. तिने विळी आडवी केली, हात पुसले, पत्र माझ्या हातातून घेतले आणि वाचले. मोठ्याने, न अडखळता, पहिल्या अक्षरापासून मंडळाच्या पत्त्यापर्यंत. माझ्यापेक्षा स्वच्छ वाचते.

तिचे वडील तिरुवैयारुला कीर्तने करीत. म्हातारपणी त्यांना दिसेना, तेव्हा ही आठ वर्षांची मुलगी मागे पोथी धरून बसे आणि ओळ सुचवी. मी तिला विचारले की हे बत्तीस वर्षांत मला का सांगितले नाही.

"मला बघायला आलांत तेव्हां गातां येतें कां विचारलांत, रांधतां येतें कां विचारलांत," ती म्हणाली. "वाचतां येतें कां कोणी विचारलें नाहीं."

"आणि ही वही?"

"मला समजत नाहीं म्हणून ज्या दिवशीं लिहिलांत, त्या दिवसापासून रोज."

रोज कशाला, असे मी विचारले. ती पुन्हा विळीवर बसली. "काय करूं? घरांत बाकी सगळीं व्याकरणाचींच पुस्तकें."

भाजी फोडणीला टाकून तिने माझ्या दौतीत टाक बुडवून फॉर्म भरला. प्रतिनिधीचे नाव, वय, गाव. सोबत येणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात माझे नाव लिहिले. त्यापुढे 'व्यवसाय' असा रकाना होता. तेथे तिने लिहिले: "दैनंदिनी लिहितात. अक्षर चांगलें आहे." मग मला सही करायला दिले, आणि मी केली.

७ मार्च

आज सकाळची कापी उत्तम झाली होती. आंबटी उत्तम. सौ. नागलक्ष्मी यांची प्रकृती उत्तम आहे. यापूर्वी या वहीत कापीविषयी जे काही लिहिले गेले ते गवळ्याला उद्देशून होते. पुण्याचे हवामान मार्चअखेर कसे असते याची चौकशी केली पाहिजे.

८ मार्च

कालच्या नोंदीत तीनदा 'उत्तम' आले होते. त्यातल्या दोहोंखाली लाल रेघ आहे, आणि गवळ्याच्या वाक्यापुढे रकाना बेचाळीसमधला 'भ्रष्ट' हा शेवटचा शब्द लिहिला आहे. पेन्सिल माझीच आहे. ती पेटीत होती आणि पेटीला कुलूप होते.